समासापासून एक इंच

"उठ."

मालकानं येवढंच म्हणलं आन माह्या खुर्चीच्या पाठीले हात घातला. मी उठली. वाशिमकडच्या मालेगावात तहसीलच्या रस्त्यावर आमचं टायपिंगचं दुकान. सकाळची गर्दी होती. कोणी दाखल्याचा अर्ज घेऊन, कोणी लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन. आन बाकड्यावर भाऊसाहेब बसले होते. मी ज्या शाळेत शिकली त्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. त्यांच्या हातात मी छापून देलेला कागद होता.

मालकानं कॉम्प्युटरचा पडदा गिऱ्हाइकांकडं फिरवला. मंग एक बटन दाबलं. लपलेल्या खुणा दाखवायचं बटन असते ते. दाबलं की जिथं जिथं कोरी जागा सोडली, तिथं तिथं ठिपका उमटते. भाऊसाहेबांचा लेख होता पडद्यावर. प्रत्येक परिच्छेदाच्या तोंडाशी माह्ये ठिपके, ओळीनं.

"पाहा. जरा पाहा, पोरीनं काय पेरून ठेवलं ते."

लोक हसले. ज्याले कॉम्प्युटरमधलं काही समजत नव्हतं, तो बी हसला.

"ऊस तोडाले बसली का तू इथं? खट, खट, खट. हात चालते निसता. डोकं कुठं ठेवून आली?"

भाऊसाहेब हसले नाई. त्यांनी चष्म्यावरून माह्याकडं पाह्यलं. मालकाले विचारलं, मले नाई.

"कुठली हाये पोरगी?"

"तुमच्याच गावची, साहेब. तुमच्याच शाळेची."

"आमच्या गावात कोणाची?"

मायबाप ऊस तोडतात येवढंच मालकाले माहीत होतं. म्हणून मी सांगितलं. "तांड्यावरची."

"हां," भाऊसाहेब म्हणले, "मंग बराबर."

दोन शब्द. आवाज चढवला नाई, शिवी देली नाई. गणिताचं उत्तर जुळावं तसं त्यांचं जुळलं आन ते पुन्हा कागद पाहाले लागले. मालकाच्या बोलण्यानं माह्ये कान तापले होते. हे दोन शब्द त्याच्यापेक्षा खोल गेले. मी भिंतीले टेकून उभी राह्यली आन माह्या खुर्चीत बसून मालक एक एक ठिपका पुसत राह्यला.

माह्यी चूक काय होती ते सांगते. मी टायपिंग शिकली ती लोखंडी मशीनवर. क्लासच्या बाईनं शिकवलं होतं, परिच्छेद सुरू करायचा तं कोरी जागा सोडायची लांब पट्टी पाच वेळा दाबायची, मंग पहिलं अक्षर. मशीनवर ते बराबर होतं, कारण तिथं प्रत्येक अक्षर सारखीच जागा घेते. कॉम्प्युटरवर तसं नसते. अक्षराचं वळण बदललं, ओळी दोन्हीकडून सारख्या ताणल्या, की कोरी जागा बी ताणते. एक परिच्छेद इथून सुरू होते, दुसरा तिथून. भाऊसाहेबांच्या लेखाचं तसंच झालं होतं. वाकडंतिकडं दिसत होतं, हे खरंच.

पण चूक होती तं चूक म्हणा ना. "असं नाई, असं कर" म्हणा. ऊस कायले मधात आणता? माह्ये मायबाप ऊस तोडतात, लांब कारखान्यावर, दिवाळी झाली की जातात. त्यांच्या कोयत्यानं तोडलेल्या उसाची साखर तुमच्या चहात पडते तवा कोणी हसत नाई.

सातवीपर्यंत मी बी त्यांच्यासंगं जाई. होळीच्या आगेमागे आमी माघारी येऊ, तवर शाळेत धडे निघून गेलेले. आमचं नाव मंग 'हंगामी'. हजेरीत नाव काही बी असो, गुरुजी हाक मारत, "हंगामी, तुमी पडवीत बसा. तुमच्यानं वर्ग मागं पडते." पडवीतून फळा अर्धाच दिसे. उरलेलं अर्धं मी अंदाजानं लिही. सगळे हंगामी आमच्या बंजाऱ्यांच्या तांड्याचे होते आन पडवीत गावातलं एकबी पोरगं कधी बसलं नाई. गावातला एक पोरगा लय दिवस टायफॉइडनं घरी होता, त्याचे बी धडे बुडाले. तो आला तवा त्याले गुरुजींनी आपल्या टेबलाजवळ बसवलं. हे मी डोळ्यानं पाह्यलं. तवा काही बोलली नाई. पोटात मात्र राह्यलं.

आठवीपासून मी काकीपाशी तांड्यावरच राह्यली. बारावी केली, टायपिंग केलं, दुकानात लागली. याडी, म्हणजे माह्यी माय, कारखान्यावर साऱ्यांले सांगे, "माह्यी पोरगी खुर्चीवर बसते."

त्या दिवशी दुपारी सगळे जेवाले गेले तवा सलीमभाई माह्याजवळ आले. दुकानातले सगळ्यात जुने ऑपरेटर.

"बेटा, ये स्पेस मारना छोड दे. इधर देख. वर मोजपट्टी हाये ना?"

होती. मी रोज पाहत होती, पण ती शोभेची हाये असं मले वाटे. तिच्यावर डाव्या बाजूले दोन त्रिकोण आन त्यांच्या खाली एक डबी. सलीमभाईनं माउस माह्या हातात देला. वरचा त्रिकोण सरकवला की परिच्छेदाची पहिली ओळ सरकते. खालचा सरकवला की पहिली सोडून बाकीच्या ओळी. आन डबी धरली की अख्खा परिच्छेद उठून चालाले लागते.

"समझी?"

"समजली."

"मंग रोती काहून?"

"रडून नाई राह्यली," मी म्हणलं. पण रडूनच राह्यली होती.

मी ते शिकली. डबा खाता खाता शिकली. हाती येईन तो कागद घेऊन त्याचे परिच्छेद सरकवून पाह्यले. मले आतून वाटत होतं, एकदा माह्यं काम सरळ झालं की ते "मंग बराबर" बी पुसल्या जाईन. लय भोळी होती मी.

भाऊसाहेबांचं काम म्हणजे शाळेची स्मरणिका. शाळेचा मोठा सोहळा होता, बाहेरून पाहुणे येणार होते. पुस्तक भारी कागदावर निघणार होतं आन वरच्या पानावर मोठ्या अक्षरात 'सर्व समाजाची शाळा' असं यायचं होतं. त्यात पहिले भाऊसाहेबांचा लेख, 'आम्ही शाळा उभी केली'. मंग गावातल्या मोठ्या घरांचे लेख. मंग शिक्षकांचे. आन शेवटी पालकांचे बोल, त्यात तांड्यावरची बी काही माणसं. हेडसरांनीच मागतले होते. त्यात माह्या याडीचं बोलणं होतं. तिले लिहिता येत नाई. दिवाळीच्या आधी, सामान बांधता बांधता ती बोलली आन मी लिहून घेतलं. एक अक्षर माह्या मनाचं घातलं नाई.

ते असं होतं: "शाळेच्या खोल्या बांधल्या तवा रेती आमच्या तांड्याच्या बायांनी वाह्यली. नाल्यातून डोक्यावर. मी बी वाह्यली. माह्यी पोरगी तवा पोटात होती. मले वाटे, मी माह्या पोरीचंच घर बांधून राह्यली. मंग पोरगी शाळेत गेली तं तिले पडवीत बसवली. तवा मी कोणाले काही विचारलं नाई. आता विचारते. ती खोली कोणाची होती?"

बस, येवढंच.

मी सारं पुस्तक लावलं. ठिपक्याचं काम नाई, मोजपट्टीचं काम. साऱ्यांचे परिच्छेद एकाच मापाचे. पहिली ओळ जराशी आत, बाकीच्या समासाच्या रेघेले लागून. भाऊसाहेबांचा बी तसाच, याडीचा बी तसाच. छापून टेबलावर ठेवलं तवा छाती भरून आली. मालक बी म्हणला, "आता कसं!"

भाऊसाहेब आले. बाकड्यावर बसून सारं पाह्यलं. याडीचं पान आलं तिथं थांबले. पुन्हा वाचलं. मले वाटलं आता हे काढा म्हणतीन. मी मनात भांडणाची तयारी करून ठेवली होती.

"चांगलं बोलली तुह्यी माय," ते म्हणले.

मले खरंच वाटलं नाई.

"मजकुराले माह्यी ना नाई. लोकशाही हाये. ज्याले जे वाटलं ते त्यानं म्हणावं. फक्त हे तांड्याचं जे हाये ते सारं जरा सरकव." त्यांनी कागदावर बोट ठेवलं, समासापासून मोजून. "इथवर. एक इंच. आन अक्षर बारीक कर."

"काहून?"

भाऊसाहेबांपुढं हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा बोलली. मालकाचं टाळकं सरकलं. "काहून म्हणजे? साहेब सांगून राह्यले ते कर."

भाऊसाहेबांनी त्याले हातानं थांबवलं. त्यांले समजावून सांगायची हौस. "पोरी, पुस्तकाले एक शिस्त असते. मान्यवर कोण आन हे कोण, पान उघडलं की समजलं पायजे. सारे एका रेघेत बसवले तं कसं दिसीन?"

कसं दिसीन, ते मी टेबलावर छापून ठेवलंच होतं. चांगलं दिसत होतं. तेच तं त्यांले खुपलं.

होळीनंतर शाळेचं गॅदरिंग असते, तिथं बी असंच असते. गावातल्या लोकांले खुर्च्या. खुर्च्यांच्या मागं एक मोकळा पट्टा सोडतात, चालाले म्हणून, आन त्या पट्ट्याच्या पलीकडं आमच्या बायांसाठी सतरंजी. कोणी म्हणत नाई की तुमी अमक्या जातीच्या म्हणून तिकडं बसा. मंडपाची व्यवस्था म्हणतात. त्या पट्ट्यातून कोणी चालत नाई. तो रिकामाच राह्यते. याडी दर साली तिथं बसे आन माह्यं नाव पुकारलं की मान उंच करकरून पाही. आन आता तोच पट्टा ह्या माणसाले माह्या हातानं कागदावर पायजे होता. तिच्या बोलण्याच्या बाजूले. तळपायाची आग मस्तकात गेली माह्या.

"बस," मालक म्हणला, "उघड ते पान. सरकव."

मी बसली. पान उघडलं. तांड्याचे सारे परिच्छेद निवडले, ते निळे झाले. डबीवर माउस नेला. आता निसतं बोट दाबून ओढायचं होतं. मी जरासा विचार केला, खोटं नाई सांगत. नोकरी जाईन. काकी काय म्हणीन. याडी तिकडं लोकांले काय सांगीन.

मंग मी माउस सोडला आन हात मांडीवर ठेवले.

"मी नाई सरकवत."

"काय म्हणली?"

"मी नाई सरकवत. सगळ्यांचं सरकवायचं असन तं सांगा, पहिल्या पानापासून सरकवते. निसतं तांड्याचं नाई."

दुकानात कोणी हसलं नाई. मालक माह्या अंगावर धावला, "उठ! मी करतो."

"थांबा," मी म्हणलं. "बोलणं माह्या याडीचं हाये. तिले विचारते."

आन मी फोन लावला. लागीन का नाई, धाकधूक होती. लागला. तिकडून उसाचा पाला सळसळत होता, कोणीतरी मोळ्या बांधायची घाई करून राह्यलं होतं. घरी आमी गोरमाटी, आमची बंजारा बोली, बोलतो. पण दुकानात साऱ्यांले समजावं म्हणून मी स्पीकर लावला आन मराठीतच बोलली.

"याडी, तुह्यं बोलणं पुस्तकात छापून राह्यले."

"छापू दे मंग. बरंच हाये."

"पण बाजूले सरकवून छापतो म्हणतात. बारीक अक्षरात."

"भाऊसाहेबाचं बी तसंच हाये का?"

"नाई. त्यांचं मोठं. रेघेले लागून."

"मंग माह्यं कायले?"

"मानाचे लोक वेगळे दिसाले पायजे म्हणतात."

याडीनं तिकडं कोणाले तरी मोळी धराले सांगितलं.   मंग तिचा आवाज आला, थकलेला, पण ठणठणीत.

"मी रेतीचं टोपलं पुरं भरून वाह्यलं बाई. अर्धं नाई वाह्यलं. काढ माह्यं बोलणं. नको त्यांचं पुस्तक."

भाऊसाहेब समोर बसून ऐकत होते. त्यांचं तोंड लाल झालं. मी कोणाकडं पाह्यलं नाई. याडीचा परिच्छेद निवडला, पहिल्या अक्षरापासून तर "कोणाची होती" पर्यंत, आन पुसून टाकला. सेव्ह केलं. तिथं कोरी जागा राह्यली.

"तुले हात लावाले कोणी सांगितलं?" मालक ओरडला.

"जिचं होतं तिनं सांगितलं. तुमीच ऐकलं."

भाऊसाहेब उठले. धोतर सावरलं. हळूच बोलले, त्यांची तीच सवय. "शिकलेल्या पोरी अशा निघतात म्हणूनच लोक शिकवाले भेतात. मालेगावात, शिरपुरात, वाशिमात, कोणत्या दुकानात तुले खुर्ची भेटते ते मी पाहतो."

"उद्यापासून येऊ नको," मालक म्हणला.

"उद्या कायले? हे चालली."

सलीमभाई छपाईच्या मशीनजवळ उभे होते. मधात पडले नाई. त्यांचं घर त्याच दुकानावर चालते, मी त्यांच्यावर राग धरत नाई. माह्या डब्याची पिशवी तेवढी त्यांनी उचलून हातात देली.

तांड्यावर आली तं माह्या आधी बातमी आलेली. काकीनं कपाळावर हात मारला. "लागलेली नोकरी लाथाडून आली, बया!" तांड्याच्या नाईकाच्या ओट्यावर माणसं जमली. एक काका तडकलेच, "पहिल्यांदा कुठं पुस्तकात तांड्याचं नाव येत होतं. ते बी घालवलं पोरीनं. अवं, एका इंचानं काय होते?"

मी म्हणलं, "काका, एका इंचानं काहीच होत नसन, तं त्यांनी काहून मागतला?"

कोणी लगेच वाहवा केली नाई. उलट एक दोघं शिव्या देतच उठून गेले. पण ज्यांचं ज्यांचं पुस्तकात होतं त्यांनी दुसऱ्या दिवशी हेडसरांले जाऊन सांगितलं, आमचं बी काढा. काका बी गेले. कुरकुर करत गेले, पण गेले.

मंग पुस्तक अडलं. 'सर्व समाजाची शाळा' असं वरच्या पानावर आन आतमध्ये तांडा नाई. पाहुण्यांले काय दाखवणार? पहिले हेडसरांचा निरोप आला. मी गेली नाई. मंग भाऊसाहेबांचा सोताचा फोन आला. माह्या नावानं हाक मारली त्यांनी. माह्यं नाव त्यांले माहीत हाये, हे मले तवा समजलं.

"पोरी, झालं गेलं सोड. तुह्या मायचं बोलणं पुन्हा टाकू. मी बी एक पाऊल मागं येतो. एक इंच नाई, अर्धा इंच. अक्षर बी मोठं करू. आन तू उद्यापासून दुकानात बस, मी मालकाले बोललो."

माह्यं मन हललं. कायले लपवू? काकीच्या घरात मी बसून खाऊन राह्यली होती. मालेगावात दोन ठिकाणी विचारलं, दोन्ही ठिकाणी माह्यं गाव ऐकून नकाराची मान हलवली. अर्धा इंच. कोणाच्या डोळ्यात बी भरणार नाई. म्हाताऱ्या माणसाले तं दिसणार बी नाई.

पण मले दिसीन. जवाजवा ते पान उघडीन तवातवा पहिले तेच दिसीन. आन भाऊसाहेबाले बी दिसीन, म्हणून तं ते अर्ध्यावर अडून राह्यले. पुरा सोडायची त्यांची तयारी नाई. त्यांले आमचे शब्द चालतात, आमचा राग चालते, आमचा फोटो बी चालते. त्यांच्या रेघेले आमचं लागणं तेवढं चालत नाई.

"अर्धा इंच बी नाई," मी म्हणलं.

"मंग पुस्तकात तांडा नाई राहणार."

"नका ठेवू. मंग वरच्या पानावरचं 'सर्व समाजाची' बी काढा. नाई काढलं, तं सोहळ्याच्या दिवशी मी मांडवात येईन आन पाहुण्यांपुढं याडीचं बोलणं बोलीन. माईक देला तं माईकवर. नाई देला तं तशीच. माह्या गळ्यात दम हाये."

"धमकी देते का मले?"

"नाई. सांगून येऊन राह्यली."

त्यांनी फोन ठेवला. पुस्तक छापाले गेलं असं काल हेडसरांकडून समजलं. तांड्याचं एक अक्षर नाई. वरच्या पानावर 'सर्व समाजाची शाळा' तसंच हाये.

तं मी जाणार. हाकलतीन, हाकलू द्या. धरून बाहेर काढतीन, काढू द्या, तवर माह्यं अर्धं बोलून झालं असन, आन उरलेलं मी बाहेरून बोलीन. याडीचं बोलणं मले तोंडपाठ हाये. त्याच्यासाठी कोणाचा कागद लागत नाई.